व्यासपीठावर सांगायची हकीकत

रविवार हा वनमाला राणेचा कपडे धुण्याचा दिवस. आठवडाभर कांदिवलीच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत गोळ्यांचे नमुने तपासायचे आणि रविवारी आईच्या व स्वतःच्या साड्या भिजत घालून त्यांच्याकडे पाहत चहा प्यायचा, एवढीच तिची विश्रांती. १९८५ सालच्या ऑगस्टमधल्या त्या रविवारी मात्र साड्या बादलीतच राहिल्या. माडवणे ग्रामोत्कर्ष मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर तिची नेमणूक झाली होती, आणि अर्जदारांच्या घरी जाऊन करायची समितीची चौकशी रविवारीच होत असे.

माडवणे हे कुडाळच्या पलीकडचे लहानसे गाव. त्याची निम्मी माणसे मुंबईत राहत, आणि त्यांचे मंडळ देवळाच्या डागडुजीपासून हुशार मुलांच्या शिक्षणापर्यंत सगळे पाही. वनमालाची पदवी मंडळाच्याच पैशातून झाली होती. तिच्या घराण्यात त्याआधी कोणी कॉलेजचे फाटक आतून पाहिले नव्हते. ते पैसे मिळाले नसते, तर आज ज्या कारखान्यात ती औषधे तपासत होती त्याच कारखान्यात ती बाटल्यांना लेबले चिकटवत बसली असती. हे तिला अगदी स्पष्ट ठाऊक होते. समितीवर येण्यास तिने होकार दिला तो या जाणिवेने, उत्साहाने नव्हे.

अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या चाळीत, मंडळाचे चिटणीस श्यामसुंदर बागवे तिची वाट पाहत उभे होते. साठीकडे झुकलेला उंच माणूस, भारदस्त आवाजाचा. तरुणपणी गावच्या दशावतारात ते राजाची कामे करीत, आणि राजा उतरला तरी त्याचा आवाज त्यांच्या गळ्यात राहून गेला होता. सगळे त्यांना श्यामभाऊ म्हणत.

“चल गं, घाड्याकडे जाऊया,” ते म्हणाले. “दशरथची धाकटी. प्रेमा. बारावीला मंडळाच्या पोरांत पहिली आलीय. औषधांच्याच पदवीला जागा मिळालीय तिला, तुझ्यासारखीच.”

दशरथ घाडी पूर्वी गिरणीत साचेवाला होता, मागावर कापड विणणारा. ब्याऐंशीचा गिरण्यांचा संप कोणी मागे घेतला नव्हता. तो नुसता विरून गेला होता, आणि त्याबरोबर दशरथची नोकरीही. आता तो एका गाळ्यावर रखवालदारी करीत असे. एका खोलीचे घर लख्ख झाडलेले होते. समितीसाठी शेजारून आणलेल्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. प्रेमा भिंतीशी उभी होती. काटकुळी, सरळ नजरेची.

वनमालाचे लक्ष प्रथम फळीकडे गेले. सगळ्या फळीवर धुळीचा पातळ थर होता, आणि मधोमध एक स्वच्छ वर्तुळ. तिथून काहीतरी नुकतेच उचलले गेले होते. ते काय असावे याचा ती अंदाज करीत असतानाच पत्र्याच्या आडभिंतीपलीकडून शेजारणीचा आवाज आला.

“गो सुगंधा, तुझो पंखो हय खूप कुरकुरता! बंद करू काय? पावणे गेले?”

दशरथची बायको सुगंधा जागच्या जागी थिजली. दशरथने मान खाली घातली. प्रेमाने मात्र ओठ दाबून हसू आवरले.

“शांताबाई, पावणे हयच असत!” बागवे मोठ्याने म्हणाले. “पंखो घेऊन ये गो. उकडता माका.”

पंखा आला, फळीवर बसला आणि कुरकुरू लागला. बागव्यांना त्यात वावगे वाटले नाही. अशी घरे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. चौकशीला येणार म्हटले की पंखे, रेडिओ, भिंतीवरची घड्याळे शेजारी पाठवण्याची रीतच पडली होती. गरिबी पुरेशी नसेल तर ती थोडी वाढवून दाखवायची. वनमालाच्या आईनेही एकदा चांगली पितळी कळशी पलंगाखाली सारली होती.

“तू काय करतंस गो?” बागव्यांनी सुगंधाला विचारले.

“घराकच असतंय.”

वनमालाने तिच्या हातांकडे पाहिले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली, नखांच्या कडा पांढुरक्या. सोड्याच्या पाण्यात दीर्घकाळ बुडालेल्या हातांचे असे होते, हे सांगायला शास्त्राची पदवी लागत नाही. तिने नजर दुसरीकडे वळवली. बागवे मात्र थांबले नाहीत. त्यांनी आवाज मऊ केला आणि पुन्हा विचारले. सुगंधा नवऱ्याकडे पाहू लागली.

“भांडी घासता,” अखेर दशरथ म्हणाला. “पारल्यात, चार घरांत. तीन वर्षां झाली. पण श्यामभाऊ, ह्यां कोणाक सांगू नकात. थोरल्या चेडवाच्या सासरी ठावक नाय. तिची सासू, सोनूबाई, मंडळातलीच. आमचो जावय हापिसात. लगीन ठरतना आम्ही सांगितला, बाई घराक असता म्हणान.”

“नाय रे, कोणाक सांगतंय!” बागवे म्हणाले.

बाहेर पडल्यावर मात्र गल्लीच्या तोंडाशी ते थांबले आणि समाधानाने म्हणाले, “हकीकत जमली. पारल्यात भांडी घासणारी आई! वनमाला, यंदा ही तू सांगायची. बाईच्या तोंडून जास्त लागेल.”

हकीकत म्हणजे काय, ते इथे सांगायला हवे. गणपतीला सगळे गावी जाण्याआधी, ऑगस्टमधल्या एका रविवारी मंडळाचा मेळावा भरे. शिष्यवृत्ती मिळणारा मुलगा आणि त्याचे आईबाप व्यासपीठावर उभे राहत. मग चिटणीस त्यांच्या घरची स्थिती सगळ्या सभेला ऐकवीत: कोणाचा बाप पितो, कोणाच्या आईने काय गहाण टाकले, कोणाकडे चूल किती वेळा पेटते. बायका डोळ्यांना पदर लावीत आणि पुरुष खिशात हात घालीत. शिष्यवृत्तीचा निधी असा तिथल्या तिथे जमत असे. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. म्हणूनच ही रीत इतकी वर्षे टिकली होती.

वनमालाही एकदा तिथे उभी राहिली होती, वडिलांच्या शेजारी. तिचे वडील मंडळाच्या भजनात पखवाज वाजवीत. बागवे त्यांच्या जोडीला गात. त्या दिवसानंतर वडील भजनाला कधी गेले नाहीत. कारण विचारले तर म्हणत, “हात दुखतो.” मरेपर्यंत त्यांचा हात दुखतच राहिला.

“तुम्ही दशरथकाकांना शब्द दिलात,” वनमाला म्हणाली.

“शब्द दिला तो त्याला बरं वाटावं म्हणून. पोरीची फी शब्दांनी भरायची काय? महिनाअखेर मुदत आहे. हे बघ, संपानंतर अर्ध्या लोकांची वर्गणी थांबलीय. नुसते मार्क सांगितले तर टाळ्या मिळतात. हकीकत सांगितली तर पैसे मिळतात. हे मी वीस वर्षं बघतोय. तू शास्त्र शिकलेली, तूच सांग, खोटं आहे का?”

ते खोटे नव्हते. वनमालाला हीच अडचण होती. समोरच्याचा पुरावा खरा असेल तर तो केवळ आपल्याला आवडत नाही म्हणून नाकारायचा नाही, असे तिला शिकवले गेले होते.

“श्यामभाऊ, ज्यांना आजवर पैसे दिले, त्यांच्यातले किती जण पुढे मंडळाला काही द्यायला आले?”

“कोण येतंय! शिकले, साहेब झाले, विसरले. कृतघ्न एकेक. तू तेवढी एकटी.”

हे मात्र वनमालाला पटेना. एखादा माणूस कृतघ्न असू शकतो. पण एकाच रिंगणातून गेलेले सगळेच्या सगळे तसे निघावेत, तर दोष माणसांत शोधण्याआधी रिंगणात शोधावा. पुढच्या आठवड्यात कारखान्यातून सुटल्यावर ती त्यांतल्या सापडतील तेवढ्यांकडे गेली. काहींनी दारातच बोळवण केली. दोघे नीट बोलले.

बोरिवलीचा नंदकिशोर तावडे टेलिफोन खात्यात अभियंता होता. त्याने तिला चहा दिला, मुलांना आत पाठवले आणि मगच तो बोलला.

“मी देतो गं. गावच्या शाळेला देतो, इथल्या वाचनालयाला देतो. मंडळाला नाही देत. तिथे गेलो की लोक मला बघत नाहीत, माझ्या बापाची दारू बघतात. तो पुढे सुटला होता, तुला माहितीय? दहा वर्षं थेंब नाही घेतला. पण तिथे तो अजून पितोच आहे.”

मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी कुंदा वनमालाचा प्रश्न ऐकून मोठ्याने हसली. तिचा स्वभावच तसा.

“मला विचारतेस का येत नाही म्हणून? अगं, माझ्या सासूला वाटतं मी वडलांच्या पेन्शनीवर शिकले. वडलांना पेन्शन कुठली, वाट लागलेली सगळी! त्या स्टेजवर मी जी नेसले होते ना, ती साडी मुद्दाम फाटकी निवडायला लावली होती श्यामभाऊंनी. माझ्याकडे चांगली होती गं एक. हिरवी.” मग तिचे हसू ओसरले. “पैसे हवेत तर देते मी. दर वर्षी देईन. पण कोणा पोरीला तिथे उभं करणार नसशील तर.”

परतताना वनमाला फार दमली होती. तिला कोणतेही मोठे सत्य गवसल्यासारखे वाटले नाही. मंडळ एका हाताने विहीर खणत होते आणि दुसऱ्या हाताने तीच बुजवत होते, एवढेच तिला दिसले. ज्यांना मदतीने उभे केले, त्यांनाच त्या मदतीची इतकी लाज वाटायला लावली होती की ते मागे वळूनही पाहत नव्हते. बागवे त्यालाच कृतघ्नपणा म्हणत होते.

मेळावा अंधेरीच्या एका शाळेच्या सभागृहात होता. वनमाला पोचली तेव्हा प्रेमा व्हरांड्यात एकटी उभी होती.

“ताई, तुम्ही सांगणार आईचं?”

“तुझी आई काय म्हणते?”

“आई म्हणते, सांगू देत, तू शिकशील ना. बाबा काही बोलत नाहीत. सोनूबाई दुसऱ्या रांगेत बसल्यात.” प्रेमाने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. “आमच्या ताईला सासरी आधीच घालूनपाडून बोलतात. हे कळलं तर संपलंच. मी आईला म्हटलं, असलं कॉलेज मला नको. एखाद्या दुकानात लागते. तर आई दोन दिवस जेवली नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?”

वनमालाने मनात हिशेब मांडला. कुंदा आणि नंदकिशोर यांनी कबूल केलेले पैसे फीच्या निम्म्यालाही पुरणार नव्हते. हकीकत सांगितली तर फी पूर्ण होणार, आणि एका आईची तीन वर्षे जपलेली अब्रू दुसऱ्या रांगेत जाऊन पडणार. नाही सांगितली तर अब्रू राहणार, आणि पोर दुकानात. तिने प्रेमाला एवढेच म्हटले, “आत जाऊन बस.”

प्रथम शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या मुलाची, लवू परबची, पाळी झाली. त्याची हकीकत बागव्यांनी स्वतः सांगितली. बाप कसा गेला, मयताला लाकडे कशी उसनी आणली, आई कशी पेज पिऊन राहते. राजाचा आवाज सभागृहाच्या छतापर्यंत चढला आणि हळूच खाली उतरला. लवूची आई रडत होती. लवू रडत नव्हता. तो समोरच्या भिंतीवरच्या फळ्याकडे एकटक पाहत होता. लोक उठून पैसे देऊ लागले. व्यासपीठावरचे स्टीलचे तबक भरले.

मग बागव्यांनी दशरथ, सुगंधा आणि प्रेमा यांना वर बोलावले आणि वनमालाच्या हाती ध्वनिक्षेपक दिला.

“प्रेमा दशरथ घाडी,” वनमाला म्हणाली. “बारावी शास्त्र शाखेत आपल्या मुलांत पहिली. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला तिला प्रवेश मिळाला आहे. महिनाअखेर फी भरायची आहे. ती घरच्यांना भरता येत नाही. आपण भरली तर ही मुलगी शिकेल. भरली नाही तर शिकणार नाही. एवढंच सांगायचं आहे.”

सभागृहात चुळबुळ झाली. मागून कोणीतरी ओरडले, “अहो बाई, घरची हकीकत राहिली!”

“घरची हकीकत त्यांच्या घरी आहे.”

“मग आम्ही पैसे काय बघून द्यायचे?”

“मार्क बघून द्या.”

थोडा हशा उठला. “मार्क तर आमच्या बंड्यालाही आहेत,” कोणी म्हणाले, आणि हशा वाढला. बागवे पुढे झाले. “वनमालाबाई जरा लाजतायत,” ते सभेला हसत म्हणाले. “मी सांगतो.” त्यांनी ध्वनिक्षेपकाला हात घातला.

वनमालाने तो सोडला नाही. ध्वनिक्षेपक छातीशी दाबून ती हलक्या आवाजात बोलली; पहिल्या रांगेलाही ऐकू गेले नसेल. “तुम्ही यांची सांगितलीत, तर त्यानंतर मी माझी सांगेन. माझे बाबा भजनाला यायचे का थांबले, ते. तुमच्या शेजारी बसायचे ना ते?”

बागव्यांचा हात तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर वनमालाला सोपे गेले असते. पण तिथे काहीतरी मोजल्यासारखे, आठवल्यासारखे उमटले.

“हात दुखायचा त्याचा,” ते म्हणाले.

“नाही, श्यामभाऊ.”

बागव्यांनी हात मागे घेतला. “पुढचा कार्यक्रम,” ते सभेला म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच साध्या माणसासारखा आला.

प्रेमाच्या तबकात फार थोडे पडले. बागव्यांचे म्हणणे आकड्यांनिशी खरे ठरले, आणि वनमालाला ते नाकारता आले नाही. मेळाव्यानंतर सोनूबाईंनी सुगंधाला गाठून विचारलेच, “काय गो, तुमचाच काय ता सांगूक नाय? काय झाकल्यानी?” न सांगितलेल्या गोष्टीलाही वास सुटतो. सुगंधा कशीबशी हसून निसटली. पुढच्या महिन्यात मंडळाने वनमालाचे समितीवरचे नाव कमी केले. ठरावात कारण दिले नव्हते.

फी भरली गेली, पण त्यात कसली शोभा नव्हती. कुंदाने दिले, नंदकिशोरने दिले, वनमालाने कारखान्याच्या पतपेढीतून उचलले, आणि उरलेले मुदतीच्या दिवशी दुपारपर्यंत जमत होते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. जुन्या मुलांची दारे ठोठावायची, काही उघडायची, काही नाही. कोणी एक वर्ष देई आणि दुसऱ्या वर्षी घर बांधायला काढी. या धडपडीला नाव नव्हते, तिची सभा नव्हती, तबक नव्हते. दर ऑगस्टला वनमालाला वाटे, आता पुरे. मग कोणी एखादा, ज्याने आधी दार उघडले नव्हते, आपण होऊन कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राही. असे फार वेळा घडले नाही. पण दर वर्षी एकदा तरी घडले, आणि त्या आधाराने ती पुढच्या ऑगस्टपर्यंत जाई.

मधल्या काळात सुगंधाने आपल्या विहिणीला स्वतःच सगळे सांगून टाकले. पारल्यातली कामे, सगळे. सोनूबाई काही महिने बोलल्या नाहीत, मग बोलू लागल्या. ही गोष्ट सुगंधाने आपल्या वेळी, आपल्या ओट्यावर, आपल्या तोंडाने सांगितली होती. वनमालाच्या मते एवढाच फरक होता, आणि तो पुष्कळ होता.

१९८९ साली प्रेमा पदवीधर झाली आणि अंधेरीच्याच एका औषध कंपनीत लागली. पहिला पगार झाल्यावर एका संध्याकाळी ती कांदिवलीला आली. तिने वनमालाच्या आईला नमस्कार केला, पेढे दिले, आणि मग पर्समधून एक पाकीट काढून वनमालापुढे ठेवले.

“हे माझं. आता दर महिन्याला आणून देईन. आणि ताई, एक मुलगी आहे. आमच्या गल्लीतली, क्षमा. अकरावी झाली, आता बारावीला आहे. तिला क्लास लावायला हवा, फी घरून होणार नाही.”

वनमालाला आनंद झाला होता. पण तो दाखवण्याइतके बळ तिच्यात त्या संध्याकाळी नव्हते. तिने पेन उघडले, चष्मा नीट केला, आणि बोलता बोलता विचारले, “बरं. घरी काय परिस्थिती? आई काय करते तिची?”

प्रेमाने पर्स मिटली. ती रागावली नव्हती. व्हरांड्यात उभी होती तेव्हा जशी तिची नजर सरळ होती, तशीच आताही होती.

“हुशार आहे, ताई,” ती म्हणाली. “आणि फी भरता येत नाही. एवढं पुरत नाही का?”

वनमालाने उघडलेले पेन खाली ठेवले. एक वाईट रीत मोडायला आपण चार वर्षे दारोदार फिरलो, आणि ती रीत सगळा वेळ आपल्याच जिभेवर बसून होती, हे तिला प्रयोगाच्या अनपेक्षित निष्कर्षासारखे स्पष्ट दिसले. त्याचे तिला दुःख झाले नाही. फक्त फार थकवा आला, आणि त्या थकव्याच्या तळाशी काहीतरी हलके झाल्यासारखे वाटले.

“पुरतं,” ती म्हणाली. “उद्या तिला घेऊन ये. क्लासचं नाव तेवढं सांग.”